जुन्या फोर-व्हील पिकअपचा गंज घरी कसा काढावा

बडोद्याच्या पावसाळी दमट हवेत उघडा पत्रा पाहता पाहता लालसर होतो, म्हणून जुन्या फोर-व्हील पिकअपचे पत्राकाम दिवाळीनंतरच हाती घ्यावे. सर्वप्रथम बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवावी. टाकी रिकामी असली तरी आतली वाफ पेट घेते, त्यामुळे तिच्या आसपास वेल्डिंग मुळीच करू नये.

वरच्या रंगाला न भुलता आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तपासावी. लहान हातोडीने ठोकत गेल्यास धड लोखंड खणखणीत वाजते, तर कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि गंजाचे पापुद्रे गळून पडतात. स्प्रिंग अडकवणारे कंस (हँगर) चॅसीला जिथे जोडलेले असतात तिथे चिखल साठतो, तेव्हा ती जागा विशेष निरखावी. चॅसीच कुजली असेल, तर ते काम जाणत्या वेल्डरकडेच सोपवावे, असे माझे ठाम मत आहे.

जाम बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. वरवरचा गंज चष्मा व मास्क लावून तारेच्या ब्रशने घासावा आणि पत्रा पुसून, कोरडा करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचे अस्तर) मारावा. जाळी पडलेला पत्रा मात्र पुट्टीने बुजवू नये, कारण पुट्टीखाली गंज वाढतच राहतो. धड पत्र्यापर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा थांबत थांबत, वेल्डिंगचे छोटे छोटे टाके घालत जोडावा, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. दारांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची भोके रंगाने बुजू देऊ नयेत.