पातेलं आणायला निघालात? सांडशी घेतलीत का?

सांडशी घ्या. पैसे, मोबाइल, कापडी पिशवी तुम्ही घेणारच आहात, ते सांगत बसत नाही. घरातली, रोजच्या वापरातली, एक पाय किंचित वाकडा झालेली सांडशी फडक्यात गुंडाळा आणि पिशवीत टाका. मुंबईकडे पकड म्हणतात, तीच. दुकानदार हसेल. हसू दे. मागच्या धनत्रयोदशीला मी ती नेली नव्हती, आणि त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी सव्वा लिटर दूध ओट्यावरून गॅसच्या बटणांवर आणि तिथून खालच्या ट्रॉलीतल्या चमच्यांवर गेलं. कुणाला भाजलं नाही हे नशीब. ट्रॉलीचा आंबूस वास मात्र दिवाळीचे पाहुणे येऊन गेले तरी होता.

गंमत अशी की त्या वेळी माझी तयारी जय्यत होती. ट्रायप्लाय म्हणजे काय, ३०४ म्हणजे काय, तळ किती जाड, सगळं पाठ. दुकानात मी इतके प्रश्न विचारले की मालकाने मला चहा पाजला. पातेलं घेतलं तेही उत्तम. आजही घरात आहे, वरण त्यातच होतं. फक्त ते तापलेलं असताना उचलायचं कसं, हा प्रश्न मी विचारला नव्हता. दुकानात ते रिकामं आणि गार होतं ना! घरी आल्यावर आईने हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "अरे, याला काठ कुठाय?" मला वाटलं, जुन्या माणसांना नवी भांडी पसंत पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं काठ कुठाय ते.

तर आधी घरातली मोजमापं. भांड्यांच्या दुकानात नंबरावर भरवसा ठेवू नका. दहा नंबर, अकरा नंबर हे त्या त्या कारखान्याचं आपापलं असतं. लिटर विचारा, नाहीतर सेंटिमीटर. आतून १८ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच सरळ पातेल्यात काठोकाठ सव्वादोन लिटर मावतं. १६ बाय ८ मध्ये दीड लिटरहून थोडं जास्त. २० बाय १० मध्ये तीन लिटर. दोन सेंटिमीटरने काय होतंय असं वाटतं, आणि पातेलं एकदम जवळजवळ दीडपट होतं. दूध तापवायचं असेल तर अर्ध्याच्या वर भरायचं नाही हे धरून चाला, कारण साय धरली की खालची वाफ अडते आणि सगळं एकदम वर येतं. म्हणजे रोज लिटरभर दूध घेणाऱ्या घराला १८ चं पातेलं. दोघांचा चहा आणि अर्धा लिटर दूध असेल तर १६ चं पुरे. दोन्ही कामं एकाच भांड्यात होतील हा विचार सोडा, चहाचं पातेलं वेगळंच असतं आणि ते काळंच होतं.

मग फ्रिजचा कप्पा मोजा. हे बहुतेक जण विसरतात, मी विसरलो नव्हतो, म्हणून थोडक्यात: दुधाचं पातेलं दिवसातून दोनदा फ्रिजमध्ये जातं. लांब दांड्याचा सॉसपॅन आत गेला तरी दार लागत नाही. उंची झाकणासकट मोजा.

गॅसही बघून ठेवा. लहान बर्नरवरच्या जाळीचे चार हात मध्ये किती जागा सोडतात ते पाहा. तळ त्याहून जेमतेम मोठा असेल तर पातेलं कलंडतं. मोठ्या बर्नरवर लहान पातेलं ठेवलं की ज्योत बाहेरून वर चढते आणि कान नाहीतर दांडा तापवत बसते. गॅस वाया जातो तो वेगळाच. इंडक्शन आहे का घरात? नसेल, पण पुढे घ्यायचा विचार? मग फ्रिजच्या दारावरचं एक चुंबक काढून खिशात टाका.

चुंबक घेतलं. सांडशी घेतली? बघा एकदा पिशवीत.

आता धातू. यावर लोक तासभर बोलतात, मी पाच मिनिटं बोलतो. नुसतं पातळ स्टील दुधाला नको. स्टील उष्णता फार हळू पसरवतं, ॲल्युमिनियमच्या दहावा भागही नाही. त्यामुळे ज्योतीच्या कड्यावर तळ जिथे तापतो तिथेच तापत राहतो आणि नेमकं तिथेच दूध लागतं. खरवडून खरवडून त्याच गोल रेषेवर हात दुखतो, पाहिलं असेल. जर्मनचं पातेलं, म्हणजे ॲल्युमिनियम, छान तापतं, हलकं असतं, स्वस्त असतं; पण त्यात चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, सोलकढी काही ठेवू नका, आंबटाने धातू सुटतो आणि चव बिघडते. पितळ-तांब्याला कल्हई हवी, नाहीतर आंबट कळकतं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोक्याची तांब्याची भांडी मिळतात, मठारकाम, म्हणजे ते ठोके देणं, बघत उभं राहावं असं असतं, डोळे निवतात. पण कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं भांडं गॅसवर विसरलात की कल्हई गेली. मी रोज काहीतरी गॅसवर विसरतो, त्यामुळे ते माझ्यासाठी नाही. नॉनस्टिक दुधाला आणि चहाला कशाला? पुढे.

राहिलं ट्रायप्लाय, किंवा जाड तळाचं स्टील. ट्रायप्लाय म्हणजे आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर स्टील, आणि हे थर तळापासून काठापर्यंत. जाड तळवालं म्हणजे अंग साधं स्टीलचं आणि फक्त बुडाला ॲल्युमिनियमची चकती कोंबलेली. दुधाला दोन्ही चालतात. खीर, बासुंदी आटवणार असाल तर पहिलं घ्या, बाजूंनी करपत नाही. तांब्याच्या रंगाचा तळ दिसला तर भुलू नका, बहुतेक वेळा तो मुलामा असतो, पातळ पापुद्रा. आतलं स्टील ३०४ हवं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. काही ठिकाणी १८/८ लिहितात. स्वस्तात २०२ मिळतं, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, गंज धरायची शक्यता अधिक. आणि आता ते चुंबक काढा. बाहेरून तळाला चिकटलं म्हणजे इंडक्शनवर चालेल. "चिकटतंय म्हणजे स्टील हलकं" असं शेजारचं गिऱ्हाईक म्हणेल. लक्ष देऊ नका. चांगल्या ट्रायप्लायमध्ये बाहेरचा थर मुद्दाम चुंबकाला चिकटणारा घातलेला असतो. चुंबक आतल्या बाजूला भिंतीशी लावून बघा, तिथे ते ढिलं चिकटतं. आयएसआयची खूण आहे का पाहा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टील-ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ती सक्तीची करणारा आदेश काढला, स्टीलच्या भांड्यांचा मानक क्रमांक आयएस १४७५६. झालं धातूचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. सांडशी बाहेर काढा.

आपलं जुनं पातेलं आठवा. त्याचा काठ बाहेरच्या बाजूला आडवा वळलेला असतो, बोटाच्या नखाएवढा का होईना. सांडशीचं एक तोंड आत, एक बाहेर, आणि बाहेरचं तोंड त्या काठाखाली अडकतं. आपण दाबतो तो जोर आहेच, पण पातेलं खरं पेलतं ते त्या अडसरावर. हात जरा सैल पडला तरी काठ सांडशीला सोडत नाही. माझ्या नव्या कोऱ्या पातेल्याला अडसरच नव्हता. सरळ उभी भिंत, अडीच मिलिमीटर जाड, आरशासारखी घासलेली. पातळ पत्र्याची सवय असलेली सांडशी एवढ्या जाडीला पुरती मिटत नाही, तोंडाचं टोक तेवढं टेकतं. त्यात वाफेने काठ ओला, सायीचा थेंब लागलेला. पातेलं साधारण एक किलोचं, वर सव्वा किलोहून जास्त दूध. एवढं वजन दोन टोकांवर. ते निसटून पडलंसुद्धा नाही, फिरलं. उचललं, अर्ध्या वितीवर आलं आणि सांडशीतल्या सांडशीत गोल फिरून कलंडलं.

कान होते त्याला. दोन्ही बाजूंना छोटे, गोंडस, स्टीलचेच. ज्योतीपासून जवळ, त्यामुळे पाच मिनिटांत चटका बसण्याइतके गरम. आणि इतके लहान की फडकं गुंडाळलेलं बोट आत जात नाही. दुकानात मी ते दोन बोटांनी धरून रुबाबात उचलून पाहिलं होतं!

म्हणून दुकानात असं करा. लाजू नका. पातेलं काउंटरवर ठेवा, दुकानदाराकडे पाणी मागा. ते दोन तृतीयांश भरा, म्हणजे घरच्यापेक्षा थोडं जास्तच. मग आपल्या सांडशीने, ज्या हाताने रोज उचलता त्याच हाताने उचला. विसाएक आकडे मोजा. हलकेच डावी-उजवीकडे झुकवा. फिरतंय? घेऊ नका. तोंड घसरतंय? घेऊ नका. "सवय होईल साहेब," असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, तापलेल्या दुधावर सवय करून घ्यायची नाही. "दुकानातली सांडशी घ्या ना," म्हटलं तरी नको, ती नवी असते, तिची तोंडं घट्ट आणि जुळलेली. आपली वर्षानुवर्षं ढिली झालेली आहे आणि घरी तीच हातात येणार. घरात आणखी कुणी दूध उतरवत असेल, आई, सासूबाई, मनगट दुखणारं कुणीही, तर त्यांना बरोबर न्या आणि त्यांच्या हातून उचलून बघा. मी चाळिशीतला धडधाकट माणूस आणि माझ्या हातून सांडलं.

दांड्याचं घेणार असाल तर सांडशी लागत नाही, मान्य. तरी न्या, दांडा एक दिवस ढिला होतो. दांड्यावाल्याची परीक्षा वेगळी: रिकामं पातेलं सपाट काउंटरवर ठेवा आणि सोडून द्या. दांड्याच्या वजनाने मागे उचललं गेलं तर ते गॅसच्या जाळीवर चहा पडेपर्यंत नाचत राहणार. दांडा रिबिटांनी बसवलाय का नुसता डाग देऊन जोडलाय, तेही बघा. रिबिटं मजबूत, पण आतल्या बाजूला त्यांच्या डोक्याभोवती साय अडकते.

पाणी आत आहेच, तर ओतूनही बघा. बारीक धारेने पेल्यात. बाहेर वळलेल्या काठावरून धार सुटते, सरळ काठावरून ओघळ पोटावर येतो आणि रोज ओटा पुसावा लागतो. म्हणजे परत काठच. काठ पूर्ण गोल दुमडून आत पोकळी ठेवली असेल तर त्यात साबणाचं पाणी साचतं आणि भांडं पालथं घातलं की थेंब थेंब गळत राहतं, तेवढं तपासा. आतून तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे बोट फिरवा. गोलाई हवी, कोपरा नको, नाहीतर डाव तिथे पोचत नाही आणि खीर तिथेच लागते. झाकणाचे वेगळे पैसे देऊ नका, घरातली ताटली बसते. बसते का ते मोजून आला असाल तर.

पावती घ्या. एकदा गॅसवर चढलेलं भांडं बदलून देत नाहीत, मला दिलं नाही, आणि तळावरचा निळसर डाग पाहून दुकानदाराला नाही म्हणायला सोपं गेलं. त्याचं चुकलं असं म्हणत नाही. वापरण्याआधी नाव घालायचं असेल तर तिथेच घालून घ्या.

घरी आल्यावर: स्टिकर तेल लावून काढा, ओरबाडू नका. गरम पाणी, साबण, दोनदा. दूध ओतण्याआधी पातेलं पाण्याने विसळा आणि ओलंच ठेवा, लागायचं प्रमाण कमी होतं, आजीपासून चालत आलंय. आच मंद. बाकी वापरताना कळेल.

आणि पहिल्या दिवशी दूध नाही. पाणी उकळा, तेवढंच भरून, आणि ते सांडशीने उचलून मोरीपर्यंत न्या. पायात चपला घाला. पोरांना बाहेर पाठवा. पाणी मोरीत ओतून झालं की मग दुधाची पिशवी फोडा.