टीबीच्या टेस्टसाठी बेडका नीट कसा द्यायचा
टीबी तपासणारं ट्रूनॅट मशीन भारी आहे, गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेलं, जंतूचा डीएनए पकडतं आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन औषध लागू पडेल का तेही कळतं, पण डबीत नुसती थुंकीच असेल तर मशीन तरी काय करणार? म्हणून सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, घरात इतरांजवळ अजिबात नको, २-३ वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून जोरात खोकून जो घट्ट, पिवळसर चिकट बेडका येतो तोच डबीत टाका. २ ते ५ मिली पुरे. झाकण घट्ट लावा, नाव डबीवर लिहा, झाकणावर नको, आणि लगेच लॅबला द्या. सरकारी दवाखान्यात ही टेस्ट फुकट होते.