कोकणातल्या जमिनीचा सातबारा एआय एजंटला देताना

एआय एजंटसाठी (टूल वापरून आपली कामं करणाऱ्या एआयसाठी) जमिनीची माहिती आणणारं टूल बांधताना पहिली अडचण पत्त्याची येते. लोक वाडीचं नाव सांगतात, नोंद मात्र महसुली गावाच्या नावावर असते. म्हणून वाडी ते महसुली गाव असा तक्ता आधी स्वतः भरा, आणि जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर व हिस्सा हे पाचही रकाने सक्तीचे ठेवा. एखादा रिकामा असेल तर टूलने अंदाज न बांधता एजंटला परत विचारायला लावावं.

सर्व्हे व हिस्सा नंबर मजकूर म्हणूनच साठवा. ५/१० चं कधी तारखेत, कधी ०.५ मध्ये रूपांतर होतं आणि भलत्याचाच उतारा समोर येतो.

क्षेत्राचं तर विचारूच नका. ०.१०.५० म्हणजे ० हेक्टर, १० आर, ५० चौरस मीटर. एकूण १,०५० चौ. मी., साधारण १०.४ गुंठे. हे गणित एआय मॉडेलवर न सोडता टूलमध्येच करा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र, वेगळा द्या. कातळाच्या जमिनीत तो बराच असू शकतो.

सामाईक खात्यातली सगळी नावं, इतर हक्कातले कूळ व बोजा (कर्ज वगैरेंची नोंद) आणि भोगवटादार वर्ग (जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे तो प्रकार) जसेच्या तसे पाठवा, सारांश नको. वर्ग २ निसटला तर विक्रीला लागणारी परवानगीच नजरेआड होते.

‘नोंद नाही’ आणि ‘संकेतस्थळ बंद’ ही दोन वेगळी उत्तरं ठेवा. नाहीतर सर्व्हर झोपला की एजंट खुशाल ‘बोजा नाही’ म्हणून सांगतो.