कॉम्प्युटरमधले नंबर मोबाईलमध्ये: वऱ्हाडात नव्याने येणाऱ्यांसाठी

बँक, झेडपी शाळा नाहीतर आरोग्य उपकेंद्राची ऑर्डर घेऊन यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात येणारे लोक मला घरभाडं, पाणी आणि उन्हाळा याबद्दल विचारतात. त्याची उत्तरं शेजारीपाजारी देतीलच. मी मूळ साताऱ्याकडचा, आता दारव्ह्याच्या बाजूला घर बांधून राहिलोय. माझं पहिलं सांगणं वेगळंच असतं: जुन्या कॉम्प्युटरवर नंबरांची यादी असेल तर निघण्याआधी ती मोबाईलमध्ये आणा. इथे लाईट असते तेव्हा नेट नसतं, आणि नेट येतं तेव्हा लाईट गेलेली असते.

यादी साफ करायचं काम मोठ्या स्क्रीनवरच उरका. मोबाईलवर एकेक नाव दुरुस्त करत बसलात तर पोळा येईल. आउटलुकमधून किंवा एक्सेलमधून निघालेल्या यादीत दोन घोटाळे हमखास असतात. पहिला आकड्यांचा. ९१ लावलेला १२ आकडी नंबर एक्सेल ९.१९ई+११ असा दाखवतं, आणि तसंच सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाईल, गूगलला चालते ती) सेव्ह केलं की खरे आकडे कायमचे जातात. आधी तो रकाना ‘नंबर’ प्रकारात टाका, दशांश शून्य करा, सगळे आकडे दिसतात का बघा, आणि पुढचा ९१ काढून १० आकडीच ठेवा. लँडलाईन नंबर असतील तर एसटीडी कोड जोडून घ्या. मात्र पहिलं शून्य एक्सेल गिळतं, म्हणून त्या खान्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून मगच ०२० किंवा यवतमाळचा ०७२३२ लिहा.

दुसरा घोटाळा मराठी नावांचा. साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडा, बस.

पुढचं सोपं आहे. ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, एक नाव हाताने भरा आणि ते सीएसव्हीत एक्स्पोर्ट करा. त्या फाईलमधली रकान्यांची नावं जशीच्या तशी ठेवून खाली आपली यादी चिकटवा आणि इम्पोर्ट करा. एका वेळी ३,००० नावं चालतात. मोबाईलवर तेच गूगल खातं असेल आणि सिंक चालू असेल तर नावं आपोआप उतरतात. दुबार झालेली ‘मर्ज’ने जोडता येतात. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये ते जीमेल खातं जोडून कॉन्टॅक्ट्सचं बटण चालू करायचं.

नेटच नसेल तर? त्यासाठी गूगल कॉन्टॅक्ट्समधूनच व्हीकार्ड, म्हणजे सगळी नावं-नंबर एकत्र असलेली व्हीसीएफ फाईल, आधीच काढून ठेवा. यूएसबी केबल लावा, मोबाईलवर नुसतं चार्जिंग सोडून ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा, फाईल कॉपी करा आणि मोबाईलवर तिच्यावर टिचकी मारा. कुठे साठवायचं विचारेल तेव्हा गूगल खातंच सांगा. नुसत्या फोनमध्ये ठेवलेले नंबर फोन फुटला की गेले. सिमकार्डाच्या भानगडीत तर पडूच नका.

आता इथले नंबर. शेगावच्या महाराजांच्या कृपेने तुम्हाला प्रत्येक गावात चार-पाच गजाननभाऊ भेटतील, आणि आडनावाने फार फरक पडत नाही, कारण अर्धं गाव राऊत नाहीतर ठाकरे. म्हणून नावातच काम आणि गाव घाला: ‘गजाननभाऊ ऑटोवाले’, ‘गजाननभाऊ कृषी केंद्र’. लोक स्वतःहून म्हणतात, “नंबर घेऊन ठेवा जी, काम पडते.” लाजू नका, लगेच घ्या. तेही तुम्हाला ‘बँकवाले साहेब’ किंवा ‘नव्या मॅडम’ म्हणूनच सेव्ह करतात, आणि तुमच्या जागी दुसरं कोणी आलं की ते नाव त्यांना मिळतं.

सरकारी नंबरांपैकी ११२ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ पाठच असावेत. जंगलालगतचं गाव मिळालं तर वनविभागाचा १९२६ घालून ठेवा. महावितरणचा १९१२ तक्रार नोंदवायला ठीक आहे, पण भर पावसात डीपी जळाली की ‘लाईनमन’ असं सर्च करून जो नंबर निघेल तोच लावायचा.