टॅलीचा बॅकअप घेताय ना, मग एकदा उघडून पण बघा

मे महिना, जळगावात पारा ४५ च्या आसपास, आणि ओळखीच्या एका दालमिलमधला ऑफिसचा कॉम्प्युटर दुपारी बंद पडला तो पडलाच, हार्डडिस्क गेली. शेठ निवांत. म्हणे टेन्शन नको घेऊ भो, पेनड्राइव्हवर रोज बॅकअप पडतो. मी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला, माझ्या लॅपटॉपवर रिस्टोर केला, तर शेवटची एन्ट्री सप्टेंबरची! टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, नवीन व्हर्जन टाकलं तेव्हा डेटाचा फोल्डर बदलला होता आणि कॉपी करणारी बॅच फाइल आठ महिने इमानेइतबारे जुनाच फोल्डर कॉपी करत बसली होती, रोज स्क्रीनवर "कॉपी झाली" असं यायचं. त्या दिवशी तारीख १८, आणि २० ला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं होतं.

तर सुरुवात सॉफ्टवेअरपासून करूच नका. मुनीमजींना समोर बसवा आणि दोन गोष्टी विचारा. किती दिवसांच्या एन्ट्र्या परत हाताने मारायची तयारी आहे, आणि कॉम्प्युटरशिवाय गाडी किती वेळ चालेल. पहिल्याला आयटीवाले आरपीओ म्हणतात, दुसऱ्याला आरटीओ (लायसनवालं नाही). एक दिवस म्हणाले तर रोज बॅकअप पाहिजे, आणि सीझनमध्ये जिनिंगवाले, केळीवाले दोन तास पण थांबू शकत नाहीत, त्यांनी दुसरा लॅपटॉप टॅली टाकून तयारच ठेवायचा.

मग कॉप्या. नियम जुनाच आहे, ३-२-१, म्हणजे तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक बिल्डिंगच्या बाहेर. आपल्याकडे सोपं असं जमतं, दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, एक सम तारखेची, एक विषम तारखेची, संध्याकाळी टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्यायचा, डिस्क काढायची आणि मालकाने घरी न्यायची. काढायची हे महत्त्वाचं! २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्राय (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा जगभर जे जे जोडलेलं सापडलं ते लॉक झालं, लावून ठेवलेली डिस्क पण त्यातच जाते. आणि गुगल ड्राइव्हला फोल्डर सिंक केलाय म्हणून कोणी खूश असेल तर तो बॅकअप नाही, इकडे फाइल उडाली की तिकडे पण उडते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते एवढंच. क्लाउड वापरा, पण जुनी व्हर्जन राहतील असं. विंडोज प्रो असेल तर डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत, त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर नाही (हसू नका, बघितलंय). वर्ष संपल्यावर एक कॉपी वेगळी काढून ठेवायची, जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावं लागतं.

जागेचं पण बघा. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावच्या बाजारात शिरलं, अशा वेळी काउंटरखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू आधी जातो. टेबलावर घ्या. आणि यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर बसते, मार्च संपायच्या आत मेन स्विच पाडून किती मिनिटं टिकते ते मोजा.

डेटा वाचला तरी काम सुरू होत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एका कागदावर लिहा: टॅलीचा सिरीयल नंबर, लायसन कोणत्या ईमेलवर आहे, जीएसटी आणि ई-वे बिलचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, डिजिटल सिग्नेचरचा टोकन कुठे, ब्रॉडबँडवाल्याचा आणि हार्डवेअरवाल्याचा नंबर. ओटीपीचं तर आजच बघा, अर्ध्या ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्या मुनीमच्या नंबरवर जातो, मग गाडी गेटवर उभी आणि ई-वे बिल निघत नाही. एक छापील बिलबुक वेगळ्या सिरीजचं पडून राहू द्या. खंडणीवाला मेसेज आला तर आधी नेटवर्कची वायर काढा, काही डिलीट करू नका, पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन.

आता खरं काम. तीन महिन्यातून एकदा, रविवारी, आपला कॉम्प्युटर जळाला असं धरून दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं उभं करा. नुसतं टॅली उघडलं म्हणून थांबू नका, शेवटचा बिल नंबर, कालचा कॅश बॅलन्स आणि एका मोठ्या पार्टीचं लेजर, हे तीन चालू कॉम्प्युटरशी जुळवा, किती वेळ लागला ते डायरीत लिहा. दालमिलवाल्यांनी पहिल्यांदा केलं तेव्हा चार तास लागले, त्यातला एक तास तर कंपनीचा टॅलीतला पासवर्ड कोणाला माहीत आहे हे शोधण्यातच गेला.