म्हाताऱ्या मांजराचे शेवटचे दिवस : घरी काय करावं, काय अजिबात करू नये

डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा (किडनी किती चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा बघून मान हलवली, "आता त्रास होणार नाही एवढं बघा" म्हणाले, आणि तुम्ही मांजराला घेऊन घरी आलात. इथून पुढचं मी सांगते. निदान झालंय आणि दुखणं बरं होणारं नाही, एवढं गृहीत धरलंय. म्हाताऱ्या मांजरांच्या किडन्या निकामी होणं फार नेहमीचं आहे, आमच्याकडची बरीच मांजरं त्यानंच गेली, म्हणून बोलणं मुख्यतः त्याबद्दलच. कॅन्सर असला तरी बहुतेक गोष्टी ह्याच.

जागा आणि ऊब

मांजर स्वतःहून जिथे जाऊन बसलंय तीच त्याची जागा. दिवाणाखाली, कपाटामागे, कपड्यांच्या बोचक्यावर, कुठेही असो. पाहुण्यांना दाखवायला हॉलमध्ये ओढून आणू नका. जुनी गोधडी तिथेच सरकवा, आणि ती मुद्दाम धुवायला टाकू नका. त्याच्या अंगाचा वास असलेलीच हवी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून गोधडीच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. उठता न येणाऱ्या मांजराच्या पोटाखाली पिशवी ठेवून दिली तर चटका बसतो आणि ते ओरडतही नाही.

मांजर मरायच्या वेळी घर सोडून जातं, त्याला जाऊ द्यावं, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक सोसायटीत असतंच. ऐकू नका. अशक्त जनावर आडोसा शोधतं, बाकी काही नाही. बाहेर तो आडोसा त्याला गटारात नाहीतर गाडीखाली मिळतो, आणि कुत्रं आलं तर पळायची ताकद नसते. गॅलरीची जाळी बंद, दाराला कडी.

वाळूच्या घमेल्याची कड आता त्याला झेपणार नाही. उथळ ट्रे आणा किंवा टबाची एक बाजू कापा, आणि अंथरुणापासून चार पावलांवर ठेवा. अंथरुणातच शी-शू झाली तर जुनी चादर बदला, विषय संपला. अंघोळ घालायची नाही. डोळे आणि शेपटीखालचा भाग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसायचा. एकदा पंजे उलटे करून बघा : म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, वळून गादीत रुततात, आणि चालताना का लंगडतंय ते आपल्याला कळत नाही. टोकं कापून टाका.

वेदनेची गोळी

घरातली कुठलीच नाही. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो, काल्पोल, मांजराला विष आहे. आपल्या यकृतात ते ज्या वाटेनं निकामी होतं ती वाट मांजरात जवळजवळ नसतेच. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, तोंड सुजतं, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको. किडनी आधीच गेलेल्या मांजराला तर नकोच नको. (हेच डायक्लोफेनॅक गुरांना द्यायचे, ती मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं गेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. साधं औषध साधं नसतं.) ब्युप्रेनॉर्फिन किंवा गाबापेन्टिन ही मांजराला चालणारी औषधं आहेत, पण मात्रा वजनावर आणि किडनीवर ठरते, म्हणून डॉक्टरांकडूनच. "थोडं दुखतंय, बघू" म्हणणारा डॉक्टर असेल तर दुसरा शोधा.

आणि गुरगुरतंय म्हणजे बरं आहे, असं समजू नका. दुखत असतानाही मांजर गुरगुरतं. दुखणारं मांजर पाठीचा बाक काढून, पंजे पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून बसतं आणि अंग चाटणं सोडून देतं. आवाज ऐकण्यापेक्षा हे बघा.

खाणं : सगळ्यात अवघड भाग

इथे घरोघरी भांडणं होतात, आणि मलाही हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. आजारी माणसाला पेज, मुलाला वरणभात, आणि मांजरानं दोन दिवस खाल्लं नाही की घरातलं प्रत्येक जण वाटी घेऊन त्याच्या मागे. शेजारच्या काकू दूधभाकरी सांगतात, कुणी मध सांगतं, कुणी सिरिंज आणून देतं. मांजर एका दिवाणाखालून दुसऱ्या दिवाणाखाली पळत राहतं. त्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या पावलांचा आवाज म्हणजे तोंडात काहीतरी कोंबलं जाणार, एवढंच त्याला कळतं. यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे समजून घ्या की त्याला भूक नाही असं नसतं, मळमळत असतं. किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात साचते, त्यानं पोट ढवळतं, तोंडात फोड येतात, श्वासाला अमोनियासारखा उग्र वास येतो. वाटी ठेवल्यावर मांजराकडे नीट बघा. ते उठून येतं. वास घेतं. मग ओठांवरून जीभ फिरवतं, दोन-तीनदा कोरडाच आवंढा गिळतं आणि मान वळवून निघून जातं. कधी पाण्याच्या वाटीवर डोकं टेकवून तसंच बसून राहतं, पीत नाही. हे बघितलंत की दुसरी वाटी, तिसरी वाटी, वेगळ्या चवीचं पाकीट असले प्रयोग बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. मळमळ थांबवणारं औषध मिळतं, मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅनसेट्रॉन, इंजेक्शनमध्येही मिळतं. भूक वाढवायला मिर्टाझापिन देतात, पण ते मळमळीवर काही केल्यानंतर. उलट्या क्रमानं दिलं तर भूकही लागते आणि खाताही येत नाही, म्हणजे हाल दुप्पट.

मळमळ जरा उतरली की मग खायला द्या, आणि आता पथ्य विसरा. किडनीचं महागडं पाकीट त्यानं खाल्लं नाही म्हणून रडू नका. त्या पथ्याचा उपयोग महिन्या-वर्षांच्या हिशोबात असतो, चार दिवसांच्या नाही. जे खाईल ते. उकडलेल्या माशाचं बिनमिठाचं पाणी, चिकनचा बारीक कीस, अंड्याचा बलक. सुक्या बोंबलाच्या वासाला मेलेलं मांजरही उठेल असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. तो वापरायचा तर दोन-तीन पाण्यांतून मीठ काढून, उकळून, पाणी चमचाभर. कांदा-लसूण घातलेला कुठलाही रस्सा नाही, दोन्ही मांजराच्या रक्तपेशी फोडतात. दूधही नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि आधीच पाणी कमी असलेल्या जिवाला जुलाब लागतात.

फ्रिजमधलं काही तसंच देऊ नका. मांजर वासावर जेवतं, आणि गार अन्नाला वास नसतो. वाटी गरम पाण्यात धरून, आतल्या अन्नात बोट बुडवलं की गरमही नाही, गारही नाही असं लागेल इतपत कोमट करा. चमचाभरच, पसरट बशीत, मिशा कडेला घासणार नाहीत अशी. दहा मिनिटांनी बशी उचला. नाकासमोर ठेवून दिलेलं अन्न मळमळ वाढवतं.

सिरिंजनं खाणं भरवायचं की नाही? बरं होणाऱ्या मांजराला, हो. काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढून ते त्यानंच जाऊ शकतं, तिथे भरवावं लागतं, नळी घालावी लागते. जाणाऱ्या मांजराला, नाही. पाय ताणून, डोकं मागे ओढून ते विरोध करतं आणि त्या झटापटीत पातळ अन्न श्वासनलिकेत जातं. मग न्यूमोनिया, म्हणजे गुदमरून मरण. सिरिंज फक्त औषधापुरती : सुळ्याच्या मागच्या फटीतून, डोकं सरळ ठेवून, वर न उचलता, अर्धा मिली, गिळलं की पुढचं अर्धं. गिळता येत नसेल तर तोंडातून काहीच नाही. गंगाजळ, तुळशीपत्र, मध, कितीही मायेनं असेना, गिळता न येणाऱ्या घशात घालू नका. स्वच्छ फडक्याचं टोक भिजवून हिरड्यांवरून फिरवा. कोरड्या तोंडाला तेवढ्यानंही आराम पडतो, आणि बरीच मांजरं ते चाटतातसुद्धा.

घरात आजी असतील तर त्यांना हे फडक्याचं काम द्या. काहीतरी भरवल्याचं समाधान त्यांना मिळतं आणि वाट्या थांबतात.

कातडीखालचं सलाइन

हे घरी देता येतं आणि दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्या वाचतात. डॉक्टरांसमोर एकदा स्वतःच्या हातानं देऊन शिका. रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं सलाइन, हवं. ग्लुकोजचं सलाइन कातडीखाली द्यायचं नसतं, आणि औषधवाले विचारल्याशिवाय तेच पुढे करतात. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून मनगटावर थेंब टाकून बघा. दोन खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी उचला, सुई दरवेळी नवी. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० मिली देतात, पण आकडा तुमच्या डॉक्टरांचा. हृदय कमजोर असेल तर एवढंही जड जातं.

कालचं पाणी आज पुढच्या पायांपाशी पिशवीसारखं लोंबत असेल, तर शरीर आता ते घेत नाहीये. बंद करा. झोपेत छाती मोजा : मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास दिसले तर त्या दिवशी सलाइन नाही, आधी फोन. तोंड उघडून धापा टाकत असेल तर वाट बघायची नाही, ताबडतोब डॉक्टर.

इंजेक्शन कधी

शेवटचं इंजेक्शन देऊन मांजराला कधी सोडवायचं, हे आपोआप समजतं असं लोक सांगतात. समजत नाही. आपण रोज बघतो, म्हणून उतरण दिसत नाही. गुणांचे तक्ते असतात, अमेरिकेतल्या डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांचा सात मुद्द्यांचा, सत्तर गुणांचा तक्ता प्रसिद्ध आहे आणि चांगला आहे. मी कालनिर्णयावर पेन्सिलीनं खूण करते : दिवस बरा गेला की टिंब, वाईट गेला की फुली. बरा म्हणजे काय ते आधीच ठरवायचं, म्हणजे हाक मारल्यावर कान हलवला का, स्वतः अंग चाटलं का, ट्रेपर्यंत गेलं का. फुल्या टिंबांच्या पुढे गेल्या की दवाखान्याला फोन. "दिवाळी होऊ दे", "मुलगा पुण्याहून येऊ दे" ही आपली सोय असते. मुलाला आज बोलवा.

डॉक्टर घरी येतील का, आणि रात्री फोन उचलणारं कोण, हे दोन प्रश्न आत्ताच विचारून ठेवा. तिसरा जास्त महत्त्वाचा : आधी पूर्ण गुंगी देणार ना? बरोबर पद्धत अशी, की आधी झोपेचं इंजेक्शन, मांजर गाढ झोपलं की मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. जाग्या जनावराला थेट पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम टोचणाऱ्याला दारातून परत पाठवा. गेल्यावर डोळे उघडेच राहतात, लघवी होते, मिनिटभरानं एखादा झटका किंवा श्वासासारखी हालचाल होते. ते जिवंत नसतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस आयुष्यभर घेऊन बसतो.

स्वतःहून जात असेल तर

कान आणि पंजे गार पडतात. श्वासांमध्ये मोठी अंतरं पडतात. डोळ्यांच्या बाहुल्या पसरतात. शांत असेल तर मध्यरात्री पिशवीत घालून गावभर फिरवू नका. दिवा मंद करा, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी नको, आणि घरातलं एकच माणूस जवळ. ओरडत असेल, तडफडत असेल तर मात्र त्या रात्रीच्या नंबरवर फोन करायचा. अशा वेळी ते चावूही शकतं. चावलं तर साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी जा.

लहान मुलांना खोलीबाहेर हाकलू नका. विचारलं तर "मरतंय" असंच सांगा. "झोपलंय" सांगितलेली मुलं पुढे झोपायला घाबरतात.

नंतर

दुसरी मांजरं असतील तर त्यांना येऊन वास घेऊ द्या. अंगण असेल तर तीन फूट खोल खड्डा, वर जड दगड, नाहीतर कुत्री उकरतात. इंजेक्शन दिलं असेल तर खोली आणखी महत्त्वाची, कारण ते औषध अंगात राहतं आणि खाणाऱ्या कुत्र्या-घारीलाही मारतं. फ्लॅटमध्ये असाल तर महापालिकेकडे आधीच चौकशी करा. मुंबईत मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी २०२३ पासून आहे. कचऱ्याच्या गाडीत देऊ नका.

उरलेली, न फोडलेली रिंगर लॅक्टेटची बाटली दवाखान्यात नेऊन द्या, कुणाच्या तरी मांजराला लागतेच. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून त्याही तिथेच द्या. घरच्या कचऱ्यात टाकल्या तर सफाईवाल्या मावशींच्या हातात घुसतात.