जुन्या रोमेनियन लष्करी सामानाचं वय ठरवताय? या चुका टाळा

बुखारेस्टच्या जुन्या बाजारात मी एक चामड्याची नकाशाची पिशवी घेतली. विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "दुसरं महायुद्ध, १९४४. आजोबांची आहे." पैसेही त्याने त्याच हिशेबाने घेतले. खोलीवर येऊन भिंग लावलं, तर झडपेच्या आत शिवणीला चिकटून जांभळट शाईचा अर्धवट पुसलेला शिक्का निघाला: एम. एफ. ए. 'मिनिस्तेरुल फोर्त्सेलोर आर्माते', म्हणजे सशस्त्र दलांचं मंत्रालय. या नावाचं मंत्रालय रोमेनियात १९५० ते १९७२ एवढाच काळ होतं. त्याच्या लगेच आधी आणि त्यानंतर ते राष्ट्रीय संरक्षण मंत्रालय. आजोबा खरे असतीलही, पण पिशवी १९४४ ची नव्हती.

तेव्हापासून माझा प्रश्नच बदलला. वस्तू 'कधीची' हे मी आधी विचारत नाही. 'कधीच्या आधीची असूच शकत नाही' हे आधी ठरवतो. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

मॉडेलचं साल म्हणजे बनवल्याचं साल नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एम-७४ गॅस मास्क '१९७४ चा' म्हणून विकला जातो. तो ७४ मॉडेलचा आकडा आहे. तोच मास्क पुढे कितीतरी वर्षं बनत राहिला. रोमेनियन कागदांत आणि शिक्क्यांत 'एमडी.' दिसलं की ते मॉडेल समजायचं.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे 'स्तास', तिथलं सरकारी मानक, आपल्याकडच्या आयएसआयसारखं. लेबलवर 'स्तास', मग एक क्रमांक, मग आडवी रेघ आणि दोन आकडे असतात. ते शेवटचे दोन आकडे मानकाच्या आवृत्तीचं साल सांगतात. तिथे ७५ असेल तर वस्तू १९७५ च्या आधीची नाही, एवढंच कळलं. ती १९८३ ची असायला काहीच हरकत नाही.

'कॅल. १' हा दर्जा आहे, पहिल्या प्रतीचा माल. आणि 'त्रिम.' म्हणजे तिमाही. 'त्रिम. २' पाहून फेब्रुवारी लिहिणारे लोक मी पाहिलेत. एकदा मीही लिहिलंय.

अक्षरांवरची टोपी बघा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे व्याकरण कामाला येतं. रोमेनियन भाषेत एकाच उच्चारासाठी दोन अक्षरं आहेत: टोपीवालं 'ए' (â) आणि टोपीवालं 'आय' (î). १९५३ च्या लेखनसुधारणेत टोपीवाल्या 'ए'ला हाकललं गेलं आणि सगळीकडे टोपीवालं 'आय' आलं. अगदी देशाच्या नावातही. पुढे १९६५ मध्ये देशाचं नाव आणि त्यावरून झालेले शब्द यांच्यापुरतं 'ए' परत आलं. बाकी शब्दांच्या मध्ये ते परतायला १९९३ उजाडलं, तेव्हा रोमेनियन अकादमीने तसा निर्णय घेतला.

याचा उपयोग असा. शिक्क्यात किंवा छापील सूचनापत्रात 'रोमेनियन' हा शब्दच टोपीवाल्या 'आय'ने लिहिलेला असेल, तर माल साधारण १९५३ ते १९६५ च्या पट्ट्यात येतो. 'रोमेनियन' टोपीवाल्या 'ए'ने, पण 'हात', 'भाकरी' असे साधे शब्द 'आय'ने असतील, तर १९६५ ते १९९३. साध्या शब्दांच्या मध्येही 'ए' असेल तर एकतर १९५३ च्या आधीचं, नाहीतर १९९३ नंतरचं. त्या दोन टोकांत गोंधळ व्हायचं कारण नाही. कापड हातात घेतलं की कळतं.

सावधगिरी दोन ठिकाणी. धातूवर ठोकलेल्या शिक्क्यात टोप्या बऱ्याचदा गाळलेल्या असतात, त्यामुळे टोपी नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि छापून ठेवलेली लेबलं संपेपर्यंत वापरली जातात, तेव्हा एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरायची.

राजचिन्हालाही हाच न्याय. गहू, डोंगर, उगवता सूर्य आणि तेलविहिरीचा मनोरा असलेलं साम्यवादी चिन्ह १९४८ चं. वरचा लाल तारा १९५२ मध्ये आला. फितीवर 'आर. पी. आर.' (रोमेनियन लोकप्रजासत्ताक) असेल तर १९६५ पर्यंतचं, 'समाजवादी प्रजासत्ताक' असं पूर्ण नाव असेल तर त्यानंतरचं, डिसेंबर १९८९ च्या उठावापर्यंत.

कारखान्याचं नाव वाचा, नुसतं शोधू नका

नाव ओळखीचं निघालं नाही की लोक लेबल सोडून देतात. पण नावाआधीची अक्षरं जास्त बोलतात. 'एस. ए. आर.' म्हणजे खासगी रोमेनियन कंपनी. जून १९४८ च्या राष्ट्रीयीकरणाने ती जमात संपली. 'फाब्रिका' (कारखाना) किंवा 'इन्त्रेप्रिन्देरेआ' (उद्योग) आणि सोबत सरकारी थाट असेल तर मधला काळ. 'एस. सी.' सुरुवातीला आणि 'एस. ए.' शेवटी, अशी जोडी असेल तर १९९० नंतरचा माल, कारण त्या वर्षीच्या कायद्यांनी सरकारी उद्योगांच्या व्यापारी कंपन्या केल्या. 'शीतयुद्धातली' म्हणून विकलेली पडशी अशा जोडीसकट माझ्याकडे आली होती. परत केली.

'रशियन अक्षरं आहेत, म्हणजे रोमेनियन नाही'

नेहमी नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये रोमेनिया जर्मनीची बाजू सोडून सोव्हिएत बाजूला आला, सोव्हिएत फौजा १९५८ पर्यंत देशात होत्या, आणि सोव्हिएत साहित्य रोमेनियन सैन्याने वापरलं. त्यामुळे सिरिलिक शिक्का आणि त्यावर रोमेनियन तुकडीचा 'यू. एम.' क्रमांक असं दोन्ही एकाच वस्तूवर सापडू शकतं. उलट बाजूने, त्रिकोणात बाण दिसला की 'कुजीरचा कारखाना' (रोमेनियातला शस्त्रांचा कारखाना) असं ठोकून देऊ नका. इझेव्स्कच्या रशियन मालावरही त्रिकोण आणि बाण असतो. आणि 'एम. आय.' असेल तर ती वस्तू सैन्याची नाही, गृहमंत्रालयाची.

हेल्मेट

१९३० च्या दशकात रोमेनियाने डच घडणीची हेल्मेटं घेतली. त्यांच्या पुढच्या बाजूला राजा दुसरा कारोल याच्या आद्याक्षरांची पट्टी असायची. सप्टेंबर १९४० मध्ये कारोलने गादी सोडली आणि कित्येक हेल्मेटांवरची पट्टी गेली. आता गंमत अशी की १९७३ चं एम-७३ हेल्मेट त्याच डच वळणाचं आहे. म्हणून 'पट्टी काढलेलं महायुद्धातलं हेल्मेट' या नावाखाली एम-७३ सर्रास खपतं. फोटोत बाहेरचा आकार बघून निर्णय घ्यायचा नाही. पुढच्या बाजूला पट्टी बसवल्याची खूण आहे का, रंगाखाली आणखी रंग आहे का, आतलं अस्तर, पट्टा आणि शिवणीचा दोरा कसा आहे, याचे फोटो मागवा. विक्रेता आतला फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर मी तिथेच थांबतो.

घासून चकचकीत करणं

ॲल्युमिनियमची बाटली (तिकडे 'बिदॉन') आणि मेसचा डबा ('गामेला') यांच्यावरचे शिक्के उथळ असतात. ब्रासो लावून दहा मिनिटं घासलं की साल गेलं. आधी टॉर्च आडवा धरून शिक्का वाचा, फोटो काढा, मग कोमट पाणी आणि मऊ ब्रश. बस्स.

कापडासाठी अतिनील टॉर्च कामाचा आहे: महायुद्धापूर्वीचा सुती दोरा स्वतःहून निळसर चमकत नाही. पण इथेही लोक घाई करतात. आजच्या डिटर्जंटमध्ये चमक आणणारी द्रव्यं असतात; खरोखर जुनी झोळी एकदा धुतली तरी लखलखते. म्हणून वरच्या कापडावर नाही, शिवणीच्या आत, जिथे साबण नीट पोचत नाही तिथे प्रकाश टाकायचा.

एका संचात तीन तारखा

गॅस मास्कच्या संचात मास्कवर एक साल, फिल्टरच्या डब्यावर दुसरं आणि पिशवीवर तिसरं निघालं की नवखे लोक बनावट म्हणून बोंब मारतात. कोठारात सुटे भाग बदलले जातात, त्यात नवल नाही. नोंदीत तिन्ही सालं लिहा. संच म्हणून वय मात्र सगळ्यात अलीकडच्या सालावरून. न वापरलेला, टाल्कम पावडर तशीच असलेला मास्क पाहूनही संशय घ्यायचं कारण नाही. १९८९ नंतर कोठारंच्या कोठारं बाजारात आली, त्यामुळे कोरा माल दुर्मीळ नाही आणि त्याला जादा किंमत द्यायचीही गरज नाही.

आणि मास्क तोंडाला लावून फिल्टरमधून श्वास घ्यायचा नाही, फोटोपुरताही नाही. जुन्या फिल्टरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

माझ्या नकाशाच्या पिशवीच्या कार्डावर आता '१९५० ते १९७२' असं आहे. बक्कल मात्र बदललेलं वाटतं, रिव्हेट दोन जातींचे आहेत. तेही खाली पेन्सिलने लिहून ठेवलंय.